वाचकांचे प्रश्न : शतपावली, चहातली साखर आणि मोडलेला नेम

प्रश्न : वय ४६, बँकेत बैठं काम. दर जानेवारीत पहाटे पाचला उठून तासभर चालायचं ठरवतो. दहा-बारा दिवस जमतं, मग बंद पडतं. माझा निश्चयच कच्चा आहे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : निश्चयाला बोल लावू नका, आखणी चुकली आहे. पाचला उठायचं तर दहाला झोपायला हवं. घरात जेवणंच साडेनऊला होत असतील, तर रोज तास-दीड तास झोप तुटते आणि आठवडाभरात शरीर ती वसूल करतं. म्हणजे जेवणाची वेळ, झोप आणि चालणं, तिन्ही तुम्ही एकदम बदलायला निघता.

त्यापेक्षा जे रोज न चुकता होतंच, त्याला नवी सवय जोडा. रात्रीचं जेवण त्यासाठी उत्तम. ‘रोज अर्धा तास चालेन’ असा नेम धरू नका. ‘ताट उचललं, हात धुतले की चपला घालून खाली उतरेन’ असा धरा. जेवायची वेळ मागेपुढे होते, ताट उचलणं चुकत नाही. पहिले दोन आठवडे फक्त पाच मिनिटं चाला. कंटाळा आलेल्या दिवशीही जमेल इतकंच हवं. मग दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवत पंधरापर्यंत जा. चपला दाराशीच ठेवा. बहुतेकांचं गाडं अडतं ते ताट आणि दार यांच्या मधल्या सोफ्यावर. ‘दोन मिनिटं टेकतो’ म्हटलं की रिमोट हातात येतो आणि चालणं राहतं.

शतपावलीचा फायदा खरा आहे. जेवणानंतर रक्तातली साखर चढू लागते. चालताना पायांचे स्नायू ती इन्सुलिनच्या मदतीशिवायही ओढून घेतात, त्यामुळे चढ कमी होतो. मात्र भरल्या पोटी भरभर चालू नका, जळजळ होते, पोटात कळ येते. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांशी बोला आणि खिशात ग्लुकोज ठेवा. घाम, थरथर, एकाएकी भूक ही साखर उतरल्याची लक्षणं आहेत.

संथ शतपावली म्हणजे पुरेसा व्यायाम नव्हे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवते, म्हणजे बोलता येईल पण गाता येणार नाही इतका दम लागणारा. पण ती पुढची पायरी. आधी ही सवय अंगवळणी पडू द्या.

एकवीस दिवसांत सवय लागते, यावर विसंबू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या २०१० सालच्या अभ्यासात साधारण ६६ दिवस लागलेले दिसले, तेही माणसागणिक १८ पासून २५४ पर्यंत. तेव्हा तीन आठवड्यांनी स्वतःला ढकलावं लागलं तरी हरकत नाही.

प्रश्न : दिवसाला चार कप चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर. एकदम बंद केली तर चहा घशाखाली उतरत नाही. गूळ चालेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : गुळाने हिशेब बदलत नाही, तीही साखरच. सपाट चमच्यात साधारण चार-पाच ग्रॅम साखर मावते, म्हणजे चहातूनच तुमची ३२ ते ४० ग्रॅम होते. दोन हजार कॅलरींच्या आहारात वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत, शक्यतो २५ च्या आत असावी.

घराघरातली खरी अडचण अशी की साखर पातेल्यातच उकळते, मग आपल्या कपात किती आली हे कळतच नाही. आजपासून चहा बिनसाखरेचा गाळा आणि ज्याची त्याने कपात घ्यावी. चमचा एकच ठरवा, पोह्यांचा नको, आणि सपाट भरा. शीग लावली की दीडपट साखर जाते. दोनाचे दीड करा, दोन आठवडे तिथेच थांबा, मग एक, मग अर्धा. जीभ सावकाश सरावते. घाई केली की चौथ्या दिवशी पुन्हा दोन चमचे पडतात. आलं किंवा वेलची जरा जास्त घातली की गोडी कमी झाल्याचं जाणवत नाही. चहासोबतची बिस्किटं मात्र वाढू देऊ नका.

शेवटचा कप दुपारी चारच्या आत घ्या. कॅफिनचा अर्धा अंश पाचेक तासांनीही रक्तात असतो, आणि ‘झोप लागत नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा संध्याकाळचा सातचा चहा असतो.

प्रश्न : गणपतीत गावी गेले आणि आठ दिवस व्यायाम सुटला. आता सुरुवातच होत नाही.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : एखादा दिवस चुकल्याने सवय मोडत नाही, वरच्या अभ्यासातही हेच दिसलं. आठ दिवस म्हणजे थोडा जास्त खंड, पण बुडालेलं भरून काढायला दुप्पट व्यायाम करू नका. अंग दुखतं आणि दुसरा खंड पडतो. आधी जितका करत होतात त्याच्या निम्माच, नेहमीच्या वेळी, आठवडाभर करा. पुढच्या वेळी गावी जाताना सवयीचं सगळ्यात लहान रूप ठरवून न्या. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं, दात घासून झाल्याबरोबर. पाहुण्यांनी भरलेल्या घरातही तेवढी जागा मिळते.