मॅथ्स सोडायला लावू नका, वहीतली ती पानंही जपून ठेवा

प्रश्न: माझी मुलगी वाळपईला अकरावी सायन्सला आहे. मॅथ्स आणि बायो दोन्ही विषय आहेत. रात्री साडेअकरा वाजेपर्यंत ती लॅपटॉपवर 'द सिम्स 4' खेळते. त्यातल्या माणसांना जेवू घालते, आंघोळीला पाठवते, झोपवते. स्वतःला जेवायला मात्र तीन हाका माराव्या लागतात. मॅथ्सच्या वहीत मागून याच खेळाबद्दल लिहिलं आहे, त्या पानांचे फोटो मी सोबत पाठवते. तिचे बाबा म्हणतात, मॅथ्स सोडून फार्मसीचं बघूया. हे व्यसन समजायचं का?
– एक आई, सत्तरी

ताई, तुमच्या पत्रापेक्षा त्या तीन फोटोंवर माझा जास्त वेळ गेला. एका पानावर तिनं लिहिलंय: 'स्वतःहून वागणं बंद केलं. फ्रिजच्या बाजूलाच उभी आहे, तरी उपाशी.' खाली: 'चालू केलं. भूक पाव राहिली तरी टीव्हीच बघते. का?' त्या 'का'खाली दोन रेघा आहेत. खेळाच्या नादी लागलेली मुलं माझ्याकडे बरीच येतात. पात्र उपाशी राहिलं की ती चिडतात, नाहीतर नवा डाव मांडतात. तुमच्या मुलीनं पात्रांनी स्वतःहून वागायचं सेटिंग बंद-चालू करून पाहिलं आणि फरक टिपून ठेवला. मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

तिच्या 'का'चं उत्तर तुम्हालाही सांगतो, कारण ते कळल्याशिवाय पुढचा सल्ला पटणार नाही. या खेळात प्रत्येक पात्राच्या सहा गरजा असतात: भूक, झोप, लघवी, स्वच्छता, करमणूक आणि सोबत. विल राइट यांनी रचलेला पहिला 'द सिम्स' 2000 साली आला, त्यात आठ होत्या. आराम आणि खोलीची अवस्था या दोन जास्तीच्या. गरजेची पट्टी आपोआप उतरत जाते. आता पात्राला कळतं कसं, की फ्रिजकडे जावं? या मालिकेतली मूळ युक्ती अशी, की हाक पात्र मारत नाही, वस्तू मारते. आपल्याकडे सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून हॉर्न वाजवत येतो, तसं. हॉर्न सगळ्या वाड्याला ऐकू जातो. ज्याच्या घरात पाव संपलाय तो लगेच बाहेर येतो, ज्याच्याकडे कालचे उंडे उरलेत तो येत नाही, आणि ज्याचं घर आत दूर आहे तो कधीकधी कंटाळा करतो. फ्रिज म्हणतो 'मी भूक भागवीन', टीव्ही म्हणतो 'मी करमणूक करीन'. पात्र प्रत्येक हाकेला गुण देतं: गरज किती तुटलीय, वस्तू किती देणार, किती लांब आहे. मग सगळ्यात जास्त गुणांच्या दोन-चार हाकांमधून एक निवडलं जातं, आणि त्यात थोडा नशिबाचा भाग ठेवलेला असतो. म्हणून भूक असूनही ती टीव्हीसमोर बसू शकते. पात्रांनी सगळंच नीट केलं तर खेळणाऱ्याला काम उरत नाही. काहीच केलं नाही तर खेळणारा नोकर होतो. मधली जागा शोधायची, त्यासाठी खेळ बनवणारा माणूस लागतो. तुमच्या मुलीला नेमकी तीच जागा खुणावतेय.

आणि या सगळ्यात मॅथ्स आहे. भुकेची पट्टी निम्म्यावर आली की ओढ दुप्पट व्हावी की चौपट, हा आलेखाचा प्रश्न. नशिबाचा भाग म्हणजे अकरावीच्याच पुस्तकातली संभाव्यता. फार्मसी चांगलं क्षेत्र आहे, पण यंदा मॅथ्स सुटलं तर इंजिनिअरिंगचं दार बंद होईल. मॅथ्स राहू दे. मग फर्मागुडीचं गोवा कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग घरापासून फार लांब नाही, आयआयटी गोवाही तिथंच आहे, कुंकळ्ळीला एनआयटी आहे. डिझाइनकडे कल दिसला तर आयआयटींच्या बी. डेस.साठी यूसीड परीक्षा आहे, त्या परीक्षेला बारावीची कुठलीही शाखा चालते. खेळ बनवायच्या नोकरीसाठी मात्र बहुधा गोव्याबाहेर जावं लागेल, हे आत्ताच मनात धरा. 'सिम्स'च्या प्रकाशकांचं, इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचं, ऑफिस हैदराबादला आहे, युबिसॉफ्टचं पुण्याला.

तरी फक्त वहीवरून मी तिचं करिअर ठरवणार नाही. तिला एक काम द्या. शाळेत स्क्रॅच हे मुलांसाठीचं प्रोग्रॅमिंग शिकली असेल तर त्यात, नाहीतर गोडो नावाच्या, खेळ बनवायच्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, एकच पात्र करायचं. दोन गरजा, भूक आणि झोप, दोन्ही 100 पासून सुरू. भूक सेकंदाला 1नं उतरेल, झोप जरा हळू. एका कोपऱ्यात फ्रिज, दुसऱ्यात खाट. पात्रानं स्वतः ठरवायचं, आपण हात लावायचा नाही. पहिल्या दिवशी काय होईल ते मी आत्ताच सांगतो: पात्र एक घास खाईल, लगेच झोप जास्त लागलीय म्हणून खाटेकडे पळेल, दोन क्षण पडेल, पुन्हा फ्रिजकडे. येरझाऱ्या घालत बसेल. हे तिला सांगू नका. तिचं तिला दिसू दे आणि उपाय तिला सुचू दे. दोन-तीन आठवडे ती त्यावर डोकं लावत राहिली, तर तिला या कामाची आवड आहे. दोन दिवसांत कंटाळून परत नुसतं खेळायला लागली, तर तो विरंगुळा आहे, आणि विरंगुळा असण्यात काही वाईट नाही.

व्यसनाचं म्हणाल, तर जेवण, झोप, मैत्रिणी आणि अभ्यास सुटतोय का, ते बघा. जेवण सध्या हाकांवर चाललंय आणि झोप कमी पडतेय, त्यामुळे तुमची काळजी खरी आहे. रात्री दहानंतर लॅपटॉप बाहेरच्या खोलीत, ही शिस्त लावा. बाबांनीही तिच्याबरोबर ठरवताना बसावं, नुसता हुकूम आला तर ती फोनवर दुसरं काहीतरी खेळेल. चवथीच्या सुट्टीत तिला दुपारचे दोन तास या पात्रासाठी मोकळे द्या.

त्या येरझाऱ्या तिनं कशा थांबवल्या, ते वहीत लिहून ठेवायला सांगा आणि त्या पानाचा फोटो मला पाठवा. पुढचं त्यावरून बोलू.