जुन्या सीडींपासून चमकणारी फुलदाणी कशी बनवायची?

आरशाच्या तुकड्यांपेक्षा मला सीडी जास्त आवडतात. आरसा नुसता चमकतो. सीडी मात्र रंग उधळते, कारण तिच्यावरच्या सूक्ष्म रेषांमध्ये साधारण १.६ मायक्रोमीटर एवढंच अंतर असतं.

खरी अडचण कापण्यात आहे. थंड सीडी तडकते आणि चंदेरी थर सुटतो. म्हणून ती आधी गरम पाण्यात थोडी मऊ करा, मग दणकट कात्रीने छोटे चौकोन कापा. डोळ्यांवर चष्मा हवाच, कपच्या उडतात.

काचेची बाटली स्वच्छ पुसून, छापील बाजू आत ठेवून तुकडे इपॉक्सीने (दोन भाग मिसळून वापरायच्या घट्ट गोंदाने) चिकटवा. गोल बाटलीवर तुकडे जितके लहान तितके नीट बसतात. फटींत काळं ग्राउट (फरशांच्या सांध्यांत भरतात तो लेप) भरा; पांढऱ्यापेक्षा त्यावर रंग कितीतरी खुलतात.