चारही चाकांना ताकद देणारी गाडी डिझाइन करायची, तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही नागपुरात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहात, कॉलेजच्या टीमसोबत फोर-बाय-फोर गाडी बांधताय, आणि विचारलंय की गिअरबॉक्सचे रेशो आधी काढायचे, ट्रान्सफर केस (गिअरबॉक्समधून आलेली ताकद पुढच्या-मागच्या एक्सलकडे वाटणारी पेटी) आधी निवडायचा की शाफ्टचे व्यास. माझं म्हणणं, तिन्ही गोष्टी नंतर. आधी गाडी कागदावर वळवून बघा आणि वळताना कोणतं चाक किती चालतं ते काढा. हिंगणा एमआयडीसीत गिअर आणि एक्सलच्या कामात माझी बरीच वर्षं गेली. या क्षेत्रातल्या बहुतेक चुका मी वळणाच्या या हिशेबातच होताना पाहिल्या आहेत.

तुमच्या गाडीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या एक्सलमधलं अंतर, १.४ मीटर धरू. मागच्या एक्सलचा मध्य ३ मीटर त्रिज्येवर वळतोय, तर पुढच्याचा मध्य पायथागोरसच्या हिशेबानं ३.३१ मीटरवर वळेल. गाडी काटकोनात वळेपर्यंत मागचा एक्सल ४.७ मीटर चालला आणि पुढचा ५.२. जवळजवळ अर्ध्या मीटरचा फरक, तोही एका वळणात. ज्यानं वखर हाकलाय त्याला हे सांगावं लागत नाही. धुऱ्यावर वळताना बाहेरचा बैल झपाझप चालतो, आतला जागच्या जागी पाय मांडतो.

आता पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट जोडले, मध्ये डिफरन्शियल (दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी गिअरची जोडणी) नाही, तर हा अर्धा मीटर जाणार कुठे? काळ्या मातीच्या चिखलात टायर घसरतो आणि हिशेब मिटतो. डांबरावर टायर घसरत नाही. पुढच्या चाकांना जास्त चालायचंय, पण शाफ्ट त्यांना मागच्याच वेगानं फिरवतो, म्हणून ती ब्रेकसारखी वागायला लागतात. तो उलटा टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, पुढच्या शाफ्टमधून ट्रान्सफर केसमध्ये येतो आणि तिथून मागच्या शाफ्टवर चढतो. मागच्या शाफ्टमधून तेव्हा इंजिननं दिलेल्यापेक्षा जास्त टॉर्क वाहत असतो. ही फिरती ताकद गाडीला इंचभरही पुढे नेत नाही. नुसती टायर, दाते आणि डिझेल खाते. इंजिनचा टॉर्क धरून शाफ्ट काढणाऱ्या विद्यार्थ्याच्या वहीत ती कुठेच दिसत नाही.

हे मला नीट कळलं ते काटोलकडच्या एका संत्र्याच्या बागेत. शेतकऱ्याचा लहान फोर व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर होता. फोर व्हीलचा लिव्हर निघतच नाही, अशी तक्रार. डांबरी रस्त्यानं तो तसाच लावलेल्या लिव्हरनं घरी आला होता. पुढच्या टायरचे लग, म्हणजे रबराचे उंच दाते, एका बाजूनं करवतीच्या दात्यांसारखे झिजलेले. मी लिव्हरवर हात ठेवला आणि त्याला म्हटलं, दादा, हळूच दोन हात मागे घ्या. मागे घेताच खालून टण्ण असा आवाज आला आणि लिव्हर एका बोटानं सुटला. दोन एक्सलमध्ये साठलेला पीळ उलगडला, बस. बिघाड लिव्हरचा नव्हताच. आदल्या हंगामात पुढचे टायर बदलताना दुकानदारानं थोडे लहान मापाचे बसवून दिले होते.

ट्रॅक्टरमध्ये पुढची चाकं मुळातच लहान, म्हणून गिअरच्या रेशोनं ती जास्त फेऱ्या मारतात. सरळ चालताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा साधारण १ ते ५ टक्के पुढे ओढत राहतील असा हिशेब ठेवतात, त्याला लीड म्हणतात. त्या ट्रॅक्टरचा रेशो १.५२ होता. मूळ टायरचा परिघ पुढे ३.१० मीटर आणि मागे ४.६० मीटर. १.५२ गुणिले ३.१० म्हणजे ४.७१, लीड २.४ टक्के. नवा टायर भरला २.९५ मीटर. गुणाकार आला ४.४८, म्हणजे लीड उणे अडीच टक्के. सरळ रस्त्यावरही पुढची चाकं ओढत नव्हती, फरफटत होती. परिघातल्या पंधरा सेंटिमीटरनं इंजिनपासून चाकापर्यंतचा सगळा हिशेब उलटा केला. म्हणून टायरचं माप डिझाइनमध्ये पहिल्या पानावर लिहा.

मग मध्ये डिफरन्शियल टाकलं की झालं? नाही. साधं उघडं डिफरन्शियल दोन्ही बाजूंना सारखाच टॉर्क देतं. एक चाक चिखलात १० न्यूटन-मीटरच पेलत असेल, तर दुसऱ्यालाही १०च मिळतात, मग ते खडकावर का असेना. चार स्वतंत्र चाकांना तीन डिफरन्शियल लागतात, सहाला पाच, आठला सात. सगळीच उघडी ठेवली तर सर्वात कमी पकड असलेलं एक चाक अख्खी गाडी अडवतं. म्हणजे घट्ट जोडलं तर पीळ बसतो आणि मोकळं सोडलं तर एक चाक गरागरा फिरतं. या दोन टोकांमध्ये जागा शोधणं हेच खरं डिझाइन. मारुती जिप्सीत मधलं डिफरन्शियल नव्हतं, म्हणून पक्क्या रस्त्यावर फोर व्हील काढून ठेवायची. १९७७च्या लाडा निवा या रशियन गाडीत मधलं डिफरन्शियल होतं आणि गरज पडली की ते लॉक करून दोन्ही शाफ्ट घट्ट जोडता यायचे. तुमच्यासारख्या हलक्या, कच्च्यावरच धावणाऱ्या गाडीला मी पहिली पद्धत सुचवीन, मात्र पुढचा एक्सल चालत्या गाडीत सोडवता आला पाहिजे.

टॉर्क अर्धा-अर्धा वाटायचा का, हेही आधी ठरवू नका. गाडीचा गुरुत्वमध्य ०.५ मीटर उंचीवर आणि दोन्ही एक्सलच्या बरोबर मध्ये असेल, तर २५ अंशांच्या चढावर मागच्या एक्सलवर वजनाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग जातो. मध्ये लॉक असेल तर टॉर्क आपोआप पकडीच्या मागे जातो. डिफरन्शियलनं ठरावीक वाटा द्यायचा असेल तर प्लॅनेटरी गिअर (मधल्या गिअरभोवती छोटे गिअर फिरतात तो संच) बसवतात. सहाही चाकांना ताकद देणाऱ्या सिक्स-बाय-सिक्समध्ये पुढच्या एक्सलला एक वाटा आणि मागच्या जोडीला दोन, असं त्यानंच जमतं.

शाफ्टची ताकद आता काढा, आणि ती चाक घसरण्याच्या मर्यादेवरून काढा. ड्रायव्हरसकट २८० किलो, वरचाच चढ, मागच्या एका चाकावर साधारण ८३० न्यूटन. घर्षणांक ०.८, चाकाची त्रिज्या ०.२८ मीटर, म्हणजे १८६ न्यूटन-मीटरला चाक घसरेल. सावकाश चालीत त्याहून जास्त टॉर्क तो शाफ्ट पाहणारच नाही. पण हवेत गरगरणारं चाक दगडावर आदळून एकदम पकडतं तेव्हा झटका मोठा असतो. त्यासाठी मी दुप्पट धरतो.

एक्सलकडे ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसचा, म्हणजे टोकाच्या वाकत्या सांध्याचा, कोन कमी ठेवा. २० अंशांत एका फेरीत दोनदा वेग ६ टक्क्यांनी वाढतो आणि दोनदा तितकाच घटतो. दोन्ही टोकांचे कोन सारखे आणि मधल्या शाफ्टचे दोन्ही योक (क्रॉस धरणारे दुबेळके) एका रेषेत असतील तरच हा फरक कटतो. स्प्लाइनवर, म्हणजे शाफ्टच्या सरकत्या खाचांच्या जोडावर, त्यासाठीच बाणाच्या खुणा असतात. एक रविवार काढून वाडीच्या ट्रक गॅरेजमध्ये जा, दहा चाकी टिपरचं हौजिंग उघडलेलं असेल तर उभे राहून बघा, दोन मागच्या एक्सलमधलं डिफरन्शियल आणि त्याचा लॉक हातात घेऊन बघता येईल. मिस्त्री मंडळी विचारलं की मनापासून सांगतात.

आणि टायरचा परिघ कॅटलॉगमधून घेऊ नका. हवा भरा, ड्रायव्हरला बसवा, टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करा, गाडी ढकलत दहा फेऱ्या मोजा, अंतराला दहानं भागा. पुढचं आणि मागचं दोन्ही. ते दोन आकडे इथे कमेंटमध्ये टाका, रेशो आपण मिळून काढू.