एकोणतीसमधला नऊ

प्रिय सोनू,

परवा तू दोन प्रश्न विचारलेस. एकोणतीसमधला नऊ कुठे गेला? आणि आईला जर्मन येतं, तरी ती दुकानात हिशेब तोंडातल्या तोंडात मराठीतच का करते? तोंडी सांगायला लागले की तू मध्येच तिसरा प्रश्न काढतेस, म्हणून लिहून देते. वाचताना अडलीस तर बाबाला विचार.

आधी नऊ. मराठी माणूस तीसच्या उंबऱ्याशी पोचला की मागचे वीस मोजत बसत नाही, 'तीसला एक कमी' म्हणून मोकळा होतो. एक, मग ऊन म्हणजे कमी, आणि तीस. एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ, सगळे त्याच घरातले. पुढे शाळेत लॅटिन घेतलंस तर कळेल की रोमन लोकही एकोणिसाला 'विसाला एक कमी'च म्हणायचे. नव्व्याण्णवला मात्र आपला नऊ पुन्हा हजर होतो. 'एकोणशंभर' म्हणून बघ, जीभच तयार होत नाही.

मधल्या आकड्यांत तुझ्या दोन्ही भाषा एका बाजूला आहेत, हे तुझ्या लक्षात आलंय का? एकवीस म्हणताना एक आधी, वीस मागून. जर्मनमधलं आइनउंडत्स्वान्त्सिश, म्हणजे 'एक आणि वीस', तेही तसंच. इंग्रजीत उलटं. त्यामुळे बाईंनी चौसष्ट सांगितल्यावर तुझा हात आधी चारावर जातो आणि वहीत सेहेचाळीस उमटतात, ते काही डोक्यात दोन भाषा आहेत म्हणून नव्हे. घरी फक्त जर्मन बोलणारी मुलंही हीच चूक करतात. 'दोन भाषांमुळे पोरगी गोंधळते' असं कुणी म्हणालं तर हे त्यांना खुशाल सांग.

या उलट्या बोलण्याचा त्रास मोठ्यांनाही दिसलेला आहे. २०१९ साली महाराष्ट्रात बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसऐवजी 'वीस एक' असं वाचायची पद्धत आणली आणि केवढा गदारोळ झाला! विनोद तर किती झाले. गंमत म्हणजे जर्मनीत 'त्स्वान्त्सिशआइन्स', म्हणजे शब्दशः वीस-एक, याच नावाची संस्था आहे. २००४ साली बोखुममध्ये निघालेली, आणि मागणी तीच. नॉर्वेने तर १९५१ सालीच सरकारी पातळीवर आकडे सुलटे करून टाकले, तरी जुनी पद्धत तिथे बोलण्यातून पुरती गेली नाही. मला विचारशील तर लहान मुलांना 'वीस एक' सोपं जातं हे खरं आहे. मराठीत एकवीस ते नव्व्याण्णव जवळजवळ एकेक करून पाठच करावे लागतात. पण बावन्न, त्रेपन्न, छप्पन्न यांचा ठेका सोडवत नाही बाई.

आता हिशेबाचं. माणूस ज्या भाषेत पाढे पाठ करतो, त्याच भाषेत बहुतेक वेळा जन्मभर हिशेब करतो. माझे पाढे कऱ्हाडच्या मराठी शाळेत आणि घरच्या ओसरीवर झाले. दिवेलागणीला शुभंकरोती झालं की परवचा सुरू. बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा, बे चोक आठ. असे तिसापर्यंत. तुमच्या शाळेत दहापर्यंतच करून घेतात, पण तुम्ही ते मणी मांडून, समजून करता. आम्ही नुसतं घोकलं. समजलं पुष्कळ नंतर.

आजोबांच्या पिढीला त्याच्याही पुढचं होतं: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. हे अपूर्णांकांचे पाढे. तेव्हा रुपयाचे सोळा आणे असायचे, म्हणजे चार आणे हा पाव रुपया, आणि बाजारात पाव-अर्धा-पाऊण डोक्यात पटापट करावं लागे. १९५७ साली शंभर नव्या पैशांचा रुपया आला आणि या पाढ्यांची गरज ओसरत गेली.

त्यातली औटकी तुझ्यासाठीच आहे. औट म्हणजे साडेतीन, आणि त्या शब्दाच्या पोटात 'अर्धा चौथा' आहे: तीन पुरे, चौथा अर्धा. आता घड्याळात साडेतीन वाजले की तुम्ही काय म्हणता? हाल्ब फिअर. अर्धे चार! इथे स्टुटगार्टकडे तर सव्वातीनला 'फिअर्टल फिअर', म्हणजे पाव चार, आणि पावणेचारला 'ड्रायफिअर्टल फिअर', म्हणजे पाऊण चार, म्हणतात, जे ऐकून हॅम्बुर्गकडचा माणूस गांगरतो. मी नव्हते गांगरले. पावणे आणि सव्वात वाढलेल्या माणसाला हे काय अवघड? या देशात आल्यावर पहिल्यांदा आपलंसं काही वाटलं असेल तर या घड्याळाच्या बोलण्यात. (आपल्याला साडेतीनचं वेड आहेच म्हणा. देवीची पीठंसुद्धा साडेतीन: कोल्हापूर, तुळजापूर, माहूर आणि अर्धं वणीचं.)

तू हिशेब जर्मनमध्ये करतेस, करत राहा. तुझे पाढे तिथे झालेत, ते उचकटून मराठीत लावायचा माझा अजिबात विचार नाही. आजीशी भांडायला, मला लाडीगोडी लावायला आणि बाबाच्या चुका काढायला तुझी मराठी खणखणीत आहे, तेवढं मला पुष्कळ.

फक्त रविवारी फोन झाला की आजोबांना औटकी म्हणून दाखवायला सांग. सध्या उन्हाळी वेळ आहे, म्हणजे आपल्या आणि कऱ्हाडच्या घड्याळात बरोब्बर औट तासांचं अंतर. इथे हाल्ब फिअर वाजले की तिथे सात. पण ऑक्टोबरअखेर इथली घड्याळं मागे जातील आणि अंतर साडेचार होईल, तेव्हा घाई कर. नाहीतर मार्चपर्यंत थांबावं लागेल.

तुझी,
आई