गुहागर ते रत्नागिरी पायी जाताना

पहिल्यांदाच चालताय, तर मुक्काम ठरवण्याआधी खाडी बघा. तवसाळ-जयगड फेरीबोट चुकली, तर शास्त्री नदीला वळसा घालून त्या दिवशी पायी पलीकडे जाणं शक्यच नाही. शेवटच्या फेरीची वेळ आदल्या दिवशी विचारून ठेवा आणि दुपारीच धक्क्यावर पोचा. हेदवी, मालगुंडला घरगुती सोय होते, पण जेवणाचं आधी कळवा. आयत्या वेळी त्या माउलीला परत स्वयंपाकाला लावणं मला तरी पटत नाही. अंगारकीला किंवा मे महिन्यात गणपतीपुळ्यात खोलीचा भरवसा धरू नका, शेजारच्या मालगुंडलाच थांबा. पुढे आरे-वारेमार्गे रत्नागिरी साधारण २५ किलोमीटर, चढउतारांचा रस्ता, उजाडताच निघा. रोख पैसे जवळ ठेवा, पाणी दिसेल तिथे भरा.