नातवाला जगातल्या इतर भाषांमध्ये काय म्हणतात? आणि मराठीत मुलाच्या आणि मुलीच्या मुलाला एकच शब्द का?

मी वरूड तालुक्यात लग्नपत्रिका छापतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या धंद्यातला आहे. मध्य प्रदेशची हद्द आम्हाला लागूनच. पांढुर्णा, मुलताईकडे सोयरिकी होतात, आणि मग एकाच लग्नाच्या दोन पत्रिका निघतात, एक मराठी आणि एक हिंदी. मराठीत ‘अमुक यांचे नातू’ लिहिलं की काम झालं. हिंदीत ते भागत नाही. तिथे मुलाचा मुलगा ‘सुपौत्र’ आणि मुलीचा मुलगा ‘दौहित्र’. बोलताना पोता आणि नाती, उर्दूकडे झुकणाऱ्या घरात नवासा. यातला ‘नाती’ फार घोळ घालतो. आपल्याकडे ‘दोन नाती आल्या’ म्हणजे दोन पोरी आल्या. त्यांच्याकडे ‘नाती आया’ म्हणजे लेकीचा मुलगा आला. बंगालीत नाति म्हणजे कोणताही नातू, लेकाचा असो की लेकीचा.

आपला ‘नातू’ आला संस्कृत ‘नप्तृ’वरून. पौत्र, दौहित्र हे नेमके शब्दही संस्कृतातच होते, पण मराठीने बोलण्यात नप्तृची ओळ धरली आणि ते दोन शब्द धर्मकृत्यांसाठी ठेवले. घटस्थापनेच्या दिवशी, म्हणजे आश्विन शुद्ध प्रतिपदेला, लेकीचा मुलगा आईच्या वडिलांचं श्राद्ध करतो, त्याला आजेपाडवा म्हणतात. तिथे गुरुजींच्या तोंडी ‘दौहित्र’ हमखास येतो. एरवी वर्षभर त्याची कोणाला आठवण नसते.

हाच नप्तृ पश्चिमेकडे लॅटिनमध्ये ‘नेपोस’ या रूपात भेटतो. दोन्ही शब्द एकाच मूळ भाषेतून निघालेले. इटालियनमध्ये त्याचा ‘निपोते’ झाला आणि त्यात नातू, नात, पुतण्या, भाचा, भाची सगळे कोंबले. भाचा आणि पुतण्या यांना वेगवेगळे मान असलेल्या आपल्या माणसाला हे पचणं कठीण! पोप लोक आपल्या पुतण्या-भाच्यांना मोठमोठी पदं द्यायचे, त्यावरून ‘नेपोटिझम’ हा शब्द पडला. म्हणजे निवडणूक आली की आपण ज्या घराणेशाहीवर चौकात बोलतो, तिच्या इंग्रजी नावात आपला नातू बसलेला आहे.

बाकी जगात साधारण दोन तऱ्हा दिसतात. काही भाषा आधी विचारतात, लेकाचा का लेकीचा? स्वीडिशमध्ये ‘सोनसोन’ मुलाचा मुलगा आणि ‘डॉटरसोन’ मुलीचा मुलगा. सरसकट नातवंडाला ‘बार्नबार्न’, म्हणजे लेकराचं लेकरू. चिनीत मुलाच्या मुलाला ‘सुन’ आणि मुलीच्या मुलाला ‘वायसुन’. यातल्या ‘वाय’चा अर्थ बाहेरचा. मला हा शब्द आवडत नाही, पण लेक दुसऱ्या घरची झाली असं मानणाऱ्या आपल्या गावांनी त्यावर नाक मुरडू नये. कोरियनमध्येही तेच, ‘सोन्जा’ आणि ‘वेसोन्जा’.

काही भाषा विचारतच नाहीत. तेलुगूत मनवडु आणि मनवरालु, कन्नडात मोम्मग, जपानीत ‘मागो’, तुर्कीत ‘तोरुन’, स्वाहिलीत ‘म्जुकू’. तमिळमध्ये ‘पेरन’. त्यात ‘पेर्’ म्हणजे नाव, कारण आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत. जर्मन ‘एंकेल’ मुळात ‘लहानसा पूर्वज’ या अर्थाचा. ऑस्ट्रेलियातल्या वार्लपिरी भाषेत तर वडिलांचे वडील आणि मुलाचा मुलगा एकमेकांना एकाच शब्दाने हाक मारतात. आणि आयर्लंडमध्ये नातू थेट आडनावात शिरला. ओ’ब्रायनमधला ‘ओ’ म्हणजे नातू, वंशज. १०१४ साली लढाईत मारला गेलेला राजा ब्रायन बोरू हा त्या घराण्याचा मूळपुरुष.

आता मराठी पत्रिकेत भेद अजिबातच नाही का? आहे, फक्त तो खालच्या बाजूला आहे. पत्रिकेच्या तळाशी ‘किलबिल’ असते, घरातल्या बारक्यांची नावं आणि त्यांचा आग्रह. नवरदेवाच्या भावाची पोरं म्हणतात ‘काकाच्या लग्नाला यायचं हं’, बहिणीची पोरं म्हणतात ‘मामाच्या लग्नाला यायचं हं’. आजोबांना दोघंही नातूच, पण नवरदेव एकाचा काका आणि दुसऱ्याचा मामा. कच्ची प्रत हातात दिली की घरची म्हातारी माणसं मुहूर्ताच्या आधी ही ओळ वाचून घेतात. एक आजी तर खुर्चीवर बसता बसताच म्हणाल्या, ‘लेकीच्या पोरायचे नावं आधी टाका भाऊ, नाही त जवाई रुसते.’ टाकली. मग दुपारी मोठ्या सूनबाईंचा फोन आला. शेवटी ‘काका-मामाच्या लग्नाला’ अशी एकच ओळ करून नावं वयाप्रमाणे लावली. तेव्हापासून मी सगळ्यांना हाच मार्ग सुचवतो.

तुम्हाला मराठीत फरक दाखवायचाच असेल तर सरळ ‘लेकाचा मुलगा’, ‘लेकीचा मुलगा’ म्हणा, सगळ्यांना कळतं. हिंदी पत्रिका असेल तर मात्र सुपौत्र आणि दौहित्र नीट विचारून घाला, तिकडचे व्याही त्यावरून बोलून दाखवतात.

नातवाच्या पुढे पणतू-पणती, त्यापुढे खापरपणतू. पणतू झाला की पणजोबांवर सोन्याची फुलं उधळायची आपल्याकडे रीत आहे, म्हणून पणतूचं नाव लोक ठळक अक्षरात मागतात. खापरपणतू छापायची वेळ माझ्यावर अजून आलेली नाही.