वाकडे खांब, जहाजाचं लाकूड आणि माळ्यावरची काजळी

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: केंटमध्ये पाहिलेल्या जुन्या शेतघराचे खांब इतके वाकडे का, आणि ते मोडीत काढलेल्या जहाजांचे असतात हे खरं का.

जहाजाची गोष्ट इंग्लंडात गावोगाव ऐकवतात, समुद्रापासून लांबच्या घरांबद्दलसुद्धा. तुळईत रिकाम्या खाचा दिसल्या की लोकांना जहाज आठवतं. बहुतेकदा ते एखाद्या पाडलेल्या घराचं लाकूड असतं, किंवा तिथली मधली भिंत नंतर काढलेली असते.

वाकडेपणा आला ओल्या ओकमुळे. वाळलेला ओक इतका टणक होतो की पटाशी मुश्किलीने चालते, म्हणून लाकूड ओलं असतानाच घडवायचे. सांगाडा आधी जमिनीवर आडवा जुळवायचा, सांध्यांवर रोमन आकड्यांसारख्या खुणा कोरायच्या, मग सुटा करून जागेवर नेऊन उभारायचा. खाच आणि तिच्यात बसणारी जीभ यांची भोकं मुद्दाम किंचित पुढेमागे पाडलेली असतात. ओकची खुंटी ठोकली की ती सांधा आवळून घेते. पुढे लाकूड घरातच वाळतं, पिळतं, तडकतं. घराचं वजन सांगाड्यावर असतं. खांबांमधल्या भिंती म्हणजे आपला कूडच: काठ्यांचं विणकाम, वरून माती, शेण आणि पेंढ्याचा लेप.

सांगाडा सुटा करता येतो म्हणूनच बेलीफ (Bayleaf) नावाचं घर वाचलं. केंटमधल्या चिडिंगस्टोनचं हे शेतघर बाव बीच जलाशयाच्या जागेत येत होतं. 1968-69 मध्ये ते सोडवून वेस्ट ससेक्समध्ये सिंगलटनच्या वील्ड अँड डाउनलँड संग्रहालयात नेलं आणि पुन्हा उभं केलं. ते जरूर बघा, या विषयाचा याहून चांगला धडा मला माहीत नाही. मुख्य भाग 15व्या शतकाच्या सुरुवातीचा, एका टोकाच्या खोल्या 1509-10 च्या सुमाराच्या. दोन्ही टोकं दुमजली, वरचा मजला पुढे काढलेला. मधला भाग मागे, पण छप्पर सलग, त्यामुळे तिथे वळचण बाहेर येते आणि तिला वक्र लाकडांचा टेकू दिलेला असतो. अशा घडणीच्या जुन्या लाकडी घराला वील्डन घर म्हणतात, आणि ते ओळखायचं यावरून.

आत गेलात की मान वर करा. मधली खोली थेट वाशांपर्यंत मोकळी. धुराडं नाही, जमिनीवर मधोमध आगटी, आणि धूर छपरातूनच वाट काढणार. खिडक्यांना काचा नाहीत, उभे लाकडी गज आणि झडपा. तिथे पेटलेल्या आगटीशेजारी मी तासभर बसलो होतो. बसल्यावर डोळे चुरचुरत नव्हते. उभा राहिलो तेव्हा धुराचा थर चेहऱ्याशी आला.

तुम्ही पाहिलेल्या घरातही मूळची अशी मोकळी खोली असू शकेल. 16व्या शतकात पुष्कळ घरांत धुराडं बांधलं, मधे माळा घातला. बाहेरच्या काळ्या रंगावर जाऊ नका, तो बऱ्याच ठिकाणी 19व्या शतकातल्या हौसेचा आहे. मालक हो म्हणाले तर टॉर्च घेऊन माळ्यावर चढा. मधल्या वाशांवर जुनी काजळी आणि टोकांचे वासे स्वच्छ दिसले, तर मधली खोली वाशांपर्यंत मोकळी होती आणि आगटी त्याच भागात होती असं समजा.